सर्व्हरसाठी स्वतः बांधलेलं कर्नल घ्यावं की डिस्ट्रोचं?

तुमचा प्रश्न असा: रावेरला केळीच्या शीतगृहात दोन आणि जळगावच्या ऑफिसात दोन सर्व्हर आहेत, चारही डेबियन १२ या डिस्ट्रोवर, म्हणजे तयार बांधून मिळणाऱ्या लिनक्सवर. कोणीतरी सांगितलं की कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्या मधला लिनक्सचा गाभा, सोर्समधून स्वतः कंपाइल करा, फालतू गोष्टी काढून टाकल्या की मशीन पळायला लागेल. करावं का?

नका करू भाऊ. निदान वेगासाठी तर नकोच. मी धुळ्यात राहून जिनिंगवाले, दवाखाने, पतपेढ्या यांचे सर्व्हर सांभाळतो आणि या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

आधी त्या फालतू गोष्टींचं बघू. डेबियनच्या कर्नलसोबत हजारो ड्रायव्हर येतात हे खरं, पण बहुतेक सगळे मॉड्यूल म्हणून डिस्कवर पडून असतात. मशीनमध्ये जे हार्डवेअर सापडेल त्याचेच मेमरीत चढतात. एलएसमॉड ही कमांड मारून बघा, चढलेल्या मॉड्यूलची यादी केवढीशी असते. बाकीचे काढून वाचते ती डिस्कवरची थोडी जागा. सर्व्हर खरा अडतो तो डेटाबेसला दिलेल्या मेमरीपाशी, डिस्कपाशी, स्वॅपपाशी (मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा). स्वॅप किती वापरायचं ते ठरवणाऱ्या स्वॅपिनेससारख्या गोष्टी सिसिटीएल या कमांडने चालत्या मशीनवर बदलता येतात. रावेर-जळगाव लाइन रडतखडत चालत असेल तर बीबीआर, म्हणजे डेटा पाठवायचा वेग लाइनप्रमाणे ठरवणारी पद्धत, लावून पाहा. ते २०१६ च्या ४.९ पासून कर्नलमध्ये आहे आणि डेबियन ते मॉड्यूल म्हणून देतं. यात कंपाइल करण्याचा संबंधच येत नाही.

कर्नल बांधणं अवघड नाही, एका दुपारचं काम आहे. पुढची पाच वर्षं त्याच्याकडे कोण बघणार, ते आधी ठरवा. मार्च २०२२ मध्ये डर्टी पाइप नावाचं कर्नलमधलं भगदाड उघडकीला आलं. ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये साध्या युजरला, ज्या फाइलवर फक्त वाचायची परवानगी आहे तिच्यातही लिहिता येत होतं, म्हणजे तिथून रूट, मशीनचा पूर्ण ताबा, मिळवता येत होतं. मूळ कर्नलच्या ५.१० शाखेत दुरुस्ती ५.१०.१०२ मध्ये आली. डेबियन ११ ने आकडा ५.१०.९२ च ठेवला आणि तेवढी दुरुस्ती मागे आणून लावली. आपल्याला करायचं काय, तर अपडेट आणि एक रीबूट.

त्याच सुमारास एका जिनिंगमध्ये गेलो होतो. आधीच्या माणसाने हौसेने कर्नल बांधलेलं. कर्नलचा आकडा सांगणारं यूनेम मारलं तर आकड्यापुढे त्याचंच नाव. तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला. बूट फोल्डरमध्ये कॉन्फिग (कर्नल कोणत्या पर्यायांनी बांधलं त्याची फाइल) नाही, सोर्स जागा करण्यासाठी पुसलेला, कोणते पॅच लावले याची कुठे एक ओळ नाही. शेवटी डिस्ट्रोचं कर्नल टाकलं आणि पाळी सुटल्यावर मशीन त्यावर चढवलं. तो माणूस हुशार होता यात वाद नाही, पण त्याच्यामागे ते काम पुढे नेणारं कोणी नव्हतं.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, लाइट ये-जा करते आणि नेमकं तेव्हाच डिस्क कंट्रोलर उडतो. त्या दिवशी जळगावच्या दुकानात जे कार्ड मिळेल तेच बसवावं लागतं. डिस्ट्रोचं कर्नल ते बहुधा ओळखतं. मेक लोकलमॉडकॉन्फिग ही कमांड देऊन बारीक केलेलं कर्नल मात्र बांधायच्या दिवशी लोड असलेलेच मॉड्यूल ठेवतं. मग नव्या कार्डामागची रूट डिस्क, म्हणजे सिस्टिम असलेली डिस्क, त्याला दिसत नाही, बूट तिथेच थांबतं आणि इकडे केळी पिकायला लागतात.

मग बांधायचं कधी? एखादं नवं नेटवर्क कार्ड डेबियन १२ च्या ६.१ कर्नलला ओळखता येत नसेल तर आधी बॅकपोर्ट्समधलं, म्हणजे डेबियननेच जुन्या आवृत्तीसाठी बांधून दिलेलं नवं कर्नल लावून बघा. रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या वेळेत हमखास प्रतिसाद, हवं असेल तर डेबियनचं आरटी पॅकेज तयार आहे. यातलं काहीच भागत नसेल, किंवा कर्नलमधलाच बग शोधायचा असेल, तरच हात घाला. गूगल, मेटा स्वतःची कर्नल बांधतात, पण त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी माणसं नेमलेली असतात.

वेळ आलीच तर डेबियनची कॉन्फिग घेऊन सुरुवात करा, मेक ओल्डडेफकॉन्फिग करा आणि मेक बिनडेब-पीकेजीने पॅकेज बनवा, म्हणजे ते अ‍ॅप्ट या डेबियनच्या पॅकेज कमांडने काढता-घालता येतं. कॉन्फिग आणि पॅच गिटमध्ये ठेवा, म्हणजे बदलांची नोंद राहते. डिस्ट्रोचं कर्नल काढू नका.

रावेरच्या मशीनवर जळगावातून बूट करणार असाल तर ग्रबचा (बूटच्या वेळी कर्नल निवडणारा प्रोग्राम) डीफॉल्ट सेव्हडवर ठेवा, ग्रब-रीबूटने नवं कर्नल फक्त पुढच्या एका बूटपुरतं निवडा आणि त्याच्या ओळीत पॅनिक=१० घाला. पॅनिक झालं, म्हणजे कर्नल चूक सावरू न शकल्याने थांबलं, तर दहा सेकंदांनी मशीन आपोआप रीबूट होऊन जुन्यावर येतं. नुसतं गोठलं तर मात्र हे चालत नाही, तिथे वॉचडॉग (मशीन गोठलं की आपोआप रीबूट करणारा टायमर) किंवा आयपीएमआय (सर्व्हर बंद पडला तरी दुरून हाताळायची सोय) लागतं. आयपीएमआय असेल तर जळगावातून लॉगिन होतंय ना, पॉवर बंद-चालू करता येते ना, हे रीबूट मारण्याआधी तपासून घ्या.