दगडी, फाशी, गाभडणं : प्रयोगशाळेला काय कळतं?

प्रश्न : गाईला दगडी (कासेची सूज) झाली म्हणून दूध तपासायला दिलं. अहवालात फक्त ‘मिश्र वाढ, नमुना दूषित’. मग उपयोग काय?

उत्तर : दोष बहुधा नमुना घेण्यात असतो. दूध ब्लड अगारवर (जंतू वाढवायच्या, रक्त मिसळलेल्या घट्ट थरावर) पसरून ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. दुसऱ्या दिवशी एकाच तऱ्हेच्या वसाहती (जंतूंचे ठिपके) उगवल्या, तर त्या जंतूवर संशय घेता येतो. तीन-चार तऱ्हेच्या उगवल्या, तर ते शेणातले नि हातावरचे पाहुणे. सड धुऊन कोरडे करा, पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून टाका, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पुसताना पलीकडचे सड आधी, नमुना घेताना मात्र अलीकडचे आधी. नाहीतर पुसलेल्या सडांवरून तुमचीच बाही फिरते. निर्जंतुक बाटली तिरपी धरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आणि हे सगळं प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्याआधी! औषध दिल्यावर घेतलेल्या दुधात काही उगवलं नाही, तर कास बरी झाली असं समजू नका.

प्रश्न : अहवालात ज्या औषधाभोवतीचं वर्तुळ सर्वांत मोठं, तेच द्यायचं ना?

उत्तर : नाही. हा गैरसमज मेडिकलवाल्यांपर्यंत पोचलाय. जंतू पसरलेल्या अगारवर औषधाच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती जंतू जिथे वाढत नाहीत ते हे वर्तुळ. पण प्रत्येक औषध अगारमध्ये वेगवेगळं पसरतं, म्हणून मापं ठरलेल्या तक्त्याशी ताडूनच ‘संवेदनशील’ की ‘प्रतिरोधक’ ते लिहितात. शब्द वाचा, मिलिमीटर नको. शिवाय ते औषध कासेत पुरेसं पोचतं का, दूध किती दिवस विकायचं नाही, हे तुमचे पशुवैद्यक ठरवतील.

प्रश्न : बैल रात्रीत मेला, नाकातून न गोठणारं काळं रक्त. कापून बघावं का?

उत्तर : अजिबात नको. फाशीचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरा. हवा लागली की जंतू बीजाणू (चिवट, सुप्त रूपं) बनवतो आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, माणसालाही धोका. पशुवैद्यक कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतील. पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूने रंगवल्यावर निळ्या दांड्यांभोवती गुलाबी कवच दिसतं. कातडं सोलायला कुणालाही बोलावू नका.

प्रश्न : सातव्या महिन्यात गाय गाभडली (गर्भ पडला). ब्रुसेला या गाभडवणाऱ्या जंतूसाठीची रोझ बेंगाल रक्तचाचणी पॉझिटिव्ह, पण लहानपणी ब्रुसेलाची लस दिली होती. मग खरं काय समजायचं?

उत्तर : ही चाचणी चार मिनिटांत होते, पण ती प्रतिपिंडं (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) पाहते, जंतू नव्हे. लसीनेही प्रतिपिंडं तयार होतात. ४ ते ८ महिन्यांच्या वयात लस दिलेल्या बहुतेक कालवडींत ही प्रतिपिंडं पुढे उतरतात, काहींत टिकतात. म्हणून गर्भाच्या जठरातला द्रव आणि वार (गर्भासोबत पडणारं आवरण) तपासायला द्या. पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात असे नमुने घेतात. वार उघड्या हाताने उचलू नका, आणि निकाल येईपर्यंत त्या गाईचं दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका.