पहिलं विमान घरीच करा : रिमोटच्या विमानांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या मुलांनी केलेल्या थर्माकोलच्या रिमोटवरच्या विमानाचा फोटो छापून आला आणि त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांना विचारायचंय ते एकच, सुरुवात कुठून करायची. त्यातली काही पत्रं निवडून उत्तरं देते आहे. मी अंबाजोगाईला भौतिकशास्त्र शिकवते आणि थंडीच्या दिवसांत सुट्टीच्या सकाळी मुलांना घेऊन रानात विमानं उडवते. त्यामुळे इथं लिहिलेलं सगळं आपल्याकडच्या वाऱ्याचा, मातीचा आणि उन्हाचा विचार करून लिहिलेलं आहे.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा नववीत आहे. त्याला इंटरनेटवर पाहिलेलं लढाऊ जेटसारखं तयार विमान हवंय. किंमत ऐकून ह्यांनी साफ नाही म्हटलं. लेकरू रुसून बसलंय. घेऊन द्यावं का? — एक आई, नांदेड

ताई, ते विमान नका घेऊ, पण त्याची हौसही मोडू नका. जेटसारख्या विमानाचे पंख लहान असतात. ते हवेत राहतं फक्त वेगावर. वेग कमी झाला की पडतं आणि वेगात असलं की नवशिक्याच्या हातात येत नाही. बोटांना सवय नसलेल्या मुलाच्या हातात ते काही सेकंद टिकेल.

त्याला हवं ते विमान असं : पंख धडाच्या वर बसवलेला, टोकापासून टोकापर्यंत एक मीटर किंवा थोडा जास्त, आणि मध्यापासून दोन्ही बाजूंना किंचित वर उचललेला. वजन सगळं मिळून ७०० ते ८०० ग्रॅम. पंखाच्या त्या उचललेपणामुळे विमान एका बाजूला कललं तरी हात सैल सोडल्यावर आपसूक सरळ होऊ पाहतं. शिकणाऱ्याला एवढी उसंत मिळाली तर तो शिकतो.

आता पैशांचं. माझं ठाम मत आहे की पैसा रेडिओ (म्हणजे हातातला रिमोट), चार्जर आणि बॅटरीवर घालावा आणि विमान स्वतः करावं. २.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनेलचा साधा रेडिओ, विमानात बसणाऱ्या रिसीव्हरसकट, चार-पाच हजारांच्या आसपास येतो आणि पुढची सगळी विमानं त्याच्यावरच उडतात. ब्रशलेस मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, ९ ग्रॅमचे तीन-चार सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते फ्लॅप फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), बॅटरी आणि बरा चार्जर धरून एकूण खर्च दहा हजारांच्या आतबाहेर जाईल. विमानाचं अंग मात्र थर्माकोलची शीट, फ्लेक्सच्या दुकानात मिळणारी सनपॅक शीट, बांबूच्या काड्या, खाकी चिकटपट्टी आणि सर्व्होपासून फ्लॅपपर्यंत जाणाऱ्या तारेसाठी सायकलचे स्पोक यांतून उभं राहतं.

हे मी काटकसर म्हणून सांगत नाही. आपल्या भागात या छंदाचं दुकान शोधून सापडत नाही, सगळं कुरिअरनं येतं. तयार विमानाची शेपटी रविवारी सकाळी मोडली तर सुटा भाग येईपर्यंत विमान माळ्यावर. हातानं केलेल्या विमानाचा प्रत्येक सांधा माहीत असतो, शेपटी रानातच चिकटवून पुन्हा उडवता येतं. सुरुवातीला विमान पडणारच, आणि ज्याला ते दुरुस्त करता येतं त्यालाच जास्त उडवायला मिळतं. म्हणून पंख स्क्रूनं आवळू नका, रबर बँडनं बांधा. आपटल्यावर पंख निसटून बाजूला होतो, तुटत नाही. आणि त्याला एक बजावा, थर्माकोलला फेविक्विक लावायचं नाही. ते थर्माकोल खातं, बघता बघता खड्डा पडतो. फेव्हिकॉल वाळायला रात्र घेतो, पण धरतो पक्कं.

सामान येईपर्यंत कॉम्प्युटरवर सिम्युलेटर लावून द्या. फुकटचेही आहेत. रेडिओ आला की तोच केबलनं जोडून सराव करता येतो. तिथं पाडलेल्या विमानाला खर्च नाही.

प्रश्न : मी आयटीआयला आहे. व्हिडिओ बघून एक मीटरचं विमान केलं. २२१२ मोटर, १००० केव्ही (एका व्होल्टमागं मिनिटाला १००० फेरे), १० बाय ४.५ इंची पंखा (प्रोपेलर), ११.१ व्होल्टची बॅटरी. हातातून सोडलं की नाक वर करतं, हवेत थबकतं आणि डावा पंख टाकून आपटतं. मोटर कमी पडते का? — वसमत, जि. हिंगोली

मोटर कमी पडत नाही. हा संच आठशे ग्रॅमच्या आसपास जोर देतो, तुझ्या विमानाला भरपूर झाला. दोष वजन कुठं बसलंय त्यात आहे.

बॅटरी जागेवर बसवून विमान पंखाखाली दोन बोटांच्या टोकांवर उचल. पंखाची रुंदी, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, २० सेंटीमीटर असेल तर बोटं पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटीमीटरवर यायला हवीत. त्या जागी विमान समतोल राहिलं पाहिजे, नाक जरासं खाली गेलं तरी चालेल. मला खात्री वाटते की तुझं शेपटीकडं जाईल. शेपटी जड असली की नाक वर उठल्यावर ते आणखी उठतच जातं, विमान स्वतःहून सावरत नाही. वेग संपतो, पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि पंखाची उचल एकदम जाते. याला स्टॉल म्हणतात. त्यातून सावरायला उंची लागते, आणि ती हातातून सुटलेल्या विमानाकडं नसते. बॅटरी पुढं सरकव. तेवढ्यानं भागलं नाही तर नाकात शिसं घाल. शेपटीत एक ग्रॅम कमी केला तर नाकातले दोन-तीन ग्रॅम वाचतात, म्हणून शेपटीवरची चिकटपट्टी आधी मोजून बघ. मुलं रंगीत टेपचे थर शेपटीवरच चढवतात.

डावा पंख पडतो त्याचं कारण वेगळं. मागून बघितलं तर पंखा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि त्याचा उलटा पीळ विमानाला डावीकडं कलवतो. वेग कमी आणि थ्रॉटल (मोटरचा जोर) पूर्ण, अशा वेळी हे सगळ्यात जास्त जाणवतं. मोटरच्या पाट्यामागं डाव्या बाजूला आणि वरच्या बाजूला एकेक पातळ वॉशर घालून मोटरचं तोंड दोन-तीन अंश उजवीकडं आणि तेवढंच खाली वळव.

मग मोटर बंद ठेवून, गवत असलेल्या मैदानावर, खांद्याच्या उंचीवरून वाऱ्याच्या तोंडावर सरळ सोड. फेकायचं वर नाही, समोर, क्षितिजाकडं. विमान लांब, सपाट उतरत गेलं पाहिजे. डोलत गेलं तर शेपटी अजून जड आहे, नाकावर गेलं तर बॅटरी जरा मागं घे. हे जमेपर्यंत थ्रॉटलला हात लावू नकोस. नांगरलेल्या काळ्या रानात ही चाचणी नको, ढेकळं थर्माकोलची वाट लावतात.

आणखी एक बघून घे, कारण पहिलं उड्डाण बहुतेक यातच जातं. विमानाच्या मागं उभा राहा. रेडिओवरची दांडी, म्हणजे स्टिक, स्वतःकडं ओढली की शेपटीचा आडवा फ्लॅप वर गेला पाहिजे. स्टिक उजवीकडं नेली की उजव्या पंखाचा फ्लॅप वर आणि डाव्याचा खाली. उलटं होत असेल तर रेडिओत त्या चॅनेलची दिशा बदल. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन वायरींतल्या कुठल्याही दोन अदलाबदल कर. हे सगळं घरात करताना पंखा काढून ठेवलेला असावा. दहा इंची पंखा बोट कापतो, यात गंमत नाही.

प्रश्न : वय ६२. निवृत्त आहे. लहानपणापासूनची इच्छा. हात थोडा थरथरतो, नजरही पूर्वीसारखी नाही. या वयात जमेल का? — जालना

जमेल, काका. हाताच्या थरथरीची काळजी नको. बहुतेक रेडिओंत ‘एक्स्पो’ नावाची सोय असते. ती वाढवली की स्टिक मध्याजवळ हलली तरी फ्लॅप अगदी थोडा हलतो. तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवून सुरू करा.

नजरेसाठी विमान रंगवा. पांढरं थर्माकोल आपल्या उन्हाळी, धुळकट आभाळात दिसेनासं होतं. वरून भगवा किंवा पिवळा आणि खालून काळे रुंद पट्टे, म्हणजे विमान पोट दाखवतंय की पाठ हे लांबूनही कळतं. सूर्य पाठीशी ठेवा आणि विमान कधीही सूर्यासमोरून नेऊ नका.

खरी अवघड गोष्ट वयाशी संबंधित नाही, ती सगळ्यांनाच अडवते. विमान आपल्यापासून लांब जात असताना उजवं ते उजवं असतं. ते वळून आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की उजवं-डावं उलटतं. मुलं इथं गडबडतात, विमान ज्या बाजूला कललंय त्याच बाजूला आणखी ढकलतात आणि ते गोल फिरत जमिनीत जातं. यावर युक्ती आहे. विमान समोरून येताना जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्या पंखाकडं स्टिक न्यायची. डोक्यात उजवं-डावं करत बसायचं नाही. सिम्युलेटरवर फक्त हाच सराव करा, बाकी कसरती राहू द्या.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. वाऱ्यासोबत जाताना विमान जमिनीवरून बघणाऱ्याला सुसाट दिसतं. आपण घाबरून थ्रॉटल कमी करतो, वर नाक ओढतो, आणि ते स्टॉल होऊन पडतं. विमानाला वारा कळत नसतो. ते ज्या हवेत आहे तिच्यातला त्याचा वेग तेवढाच असतो, फक्त हवाच सगळी एका दिशेला चाललेली असते. पुराच्या पाण्यात पोहणाऱ्याला काठ झरझर मागं पळताना दिसतो, पण त्याचे हात नेहमीच्याच गतीनं चालतात, तसं आहे हे. म्हणून वाऱ्यासोबत जाताना थ्रॉटल आहे तसं राहू द्या. वळणं मोठी घ्या, उंची ठेवा. चढणं आणि उतरणं दोन्ही वाऱ्याच्या तोंडावर.

दिवस निवडायचे तर सोयाबीन निघाल्यानंतरचे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सूर्य उगवल्यावर तास-दीड तास वारं पडलेलं असतं. मार्चपासून दुपारी रान तापलं की गरम हवेचे लोट उठतात, वावटळी येतात. ती वेळ मुरलेल्या लोकांसाठी. पहिली काही उड्डाणं कुणी जाणकार शेजारी असताना करा. रेडिओला रेडिओ जोडून शिकवण्याची सोय असते, शिष्याचं चुकलं की गुरू एका बटणावर विमान आपल्या हातात घेतो. जालन्यात कुणी भेटलं नाही तर एनसीसीच्या एअर विंगकडं चौकशी करा. त्यांच्या अभ्यासक्रमात एरोमॉडेलिंग आहे.

प्रश्न : विमान उसात पडलं. दोन दिवस हुडकलं, घावलं नाही. काय करायला पाहिजे होतं? — एक शेतकरी, उदगीर

विमान दिसेनासं झाल्या क्षणी थ्रॉटल शून्यावर आणायचं आणि जागचं हलायचं नाही. जिथं ते शेवटचं दिसलं त्याच रेषेत पलीकडचं एखादं झाड, विजेचा खांब, विहिरीवरचा पत्रा हेरून ठेवायचा. सोबत्यानंही त्याच्या जागेवरून तसंच करायचं. दोघांच्या रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं विमान. एकानं जागेवरूनच फोनवर सांगत दुसऱ्याला उसात चालवत न्यायचं. रेडिओ चालू ठेवून स्टिक हलवली की सर्व्होची किरकिर ऐकू येते, पण बॅटरी आहे तोवरच. रिसीव्हरला छोटा बझर लावून ठेवलात तर पुढच्या वेळी सोपं जाईल. उसात एकटे आणि अनवाणी शिरू नका.

विमान विजेच्या तारेवर अडकलं तर ते सोडून द्यायचं. बांबूनं, दोरीनं, ओल्या-सुक्या कशानंही काढायला जायचं नाही. महावितरणच्या माणसाला सांगायचं.

प्रश्न : आमचं शेत चिकलठाणा विमानतळाच्या भिंतीपासून तीन किलोमीटरवर आहे. स्वतःच्या रानात उडवायला कुणाची परवानगी कशाला? — छत्रपती संभाजीनगर

रान तुमचं असलं तरी वरचं आकाश तुमचं नाही. तिथं उतरणाऱ्या विमानात माणसं असतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत रिमोटवरची मॉडेल विमानंही येतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडं, इतर कुठलं बंधन नसेल तर, ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. नांदेड आणि लातूरच्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावं. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते ते बघा. २ किलोपर्यंतचं विमान केवळ हौसेसाठी उडवायला पायलटचं लायसन्स लागत नाही, बाकीच्या अटी मात्र तिथं वाचून घ्या. तुम्ही बारा-पंधरा किलोमीटर लांब एखाद्या पाहुण्याचं माळरान बघा.

याला जोडून सगळ्यांनाच सांगते. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालना भागात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी गावंच्या गावं जागली. लोकांच्या मनातली ती भीती गेलेली नाही. नव्या रानात जाण्याआधी पोलीस पाटलांना, सरपंचांना भेटा, विमान हातात देऊन दाखवा, उजेडातच उडवा. आमच्याकडं आता गावातली माणसंच पोरांना तारेपासून लांब उभं करतात.

प्रश्न : दोन महिन्यांतच बॅटरी फुगली. कंपनी खराब का? — परभणी

पत्रात तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात पूर्ण चार्ज करून गाडीच्या डिकीत ठेवली होती. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला भरलेल्या अवस्थेतली उष्णता सोसत नाही. दुसऱ्या दिवशी उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, म्हणजे तीन सेलची ११.४. उडवताना ३.५ च्या खाली जाऊ देऊ नका. २२०० एमएएचच्या बॅटरीवर आठ-दहा मिनिटांत उतरा, टायमर लावा. चार्जिंग २.२ अँपिअरनं, शहाबादी फरशीवर, जवळ कापड-कागद नको आणि माणूस समोर बसलेला हवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. घराबाहेर वाळूच्या घमेल्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.