शोशाना : गुलाब, लिली की कमळ?

प्रश्न असा आहे : 'शोशाना' या हिब्रू नावाचा अर्थ कुणी गुलाब सांगतं, कुणी लिली, तर कुणी कमळ. खरं काय? आणि 'सुझन' हे त्याचंच रूप का?

सुझनचं आधी उरकतो. हो, त्याचंच. हिब्रू शोशन्ना (आघात शेवटच्या 'ना'वर), त्याचं ग्रीक सुसान्ना, आणि तिथून युरोपभरच्या सुझाना, सुझन, सूझी. अरबी-फारसीतलं 'सौसन' किंवा 'सूसन' याच गोतावळ्यातलं. स्पॅनिशमध्ये पांढऱ्या लिलीला 'असुसेना' म्हणतात, ते अरबीतून गेलेलं.

अर्थाचं प्रकरण मात्र जरा गुंतागुंतीचं आहे. शब्दाचं मूळ प्राचीन इजिप्तच्या भाषेत सापडतं. तिथे 'सेशेन' म्हणजे नाईलमधलं कमळ. आपण कमळ म्हणतो ते नव्हे हं. आपलं कमळ इजिप्तमध्ये बऱ्याच उशिरा, इराणी अमलाच्या सुमारास पोचलं. सेशेन म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पानांचं, आपल्या कुमुदाच्या जातीचं पांढरं किंवा निळं फूल. इजिप्तच्या देवळांतल्या खांबांचे माथे या फुलाच्या आकाराचे घडवलेले दिसतात. बायबलात राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात शलमोनाच्या मंदिराच्या खांबांवर 'शुशान'चं काम होतं असं वर्णन आहे. तिथे हेच फूल अभिप्रेत असावं, असं मला वाटतं.

पण बायबलातल्याच 'गीतरत्न' या प्रेमकाव्यातली नायिका स्वतःला 'खोऱ्यांतली शोशन्ना' म्हणते आणि नायक तिला 'काट्यांमधली शोशन्ना' म्हणतो. काट्यांत कुमुद कसं उगवेल? म्हणजे तोवर हे नाव पाण्यातून जमिनीवर आलं होतं. ग्रीक भाषांतरकारांनी तिथे 'क्रिनोन', म्हणजे लिली, लिहिलं. १२व्या शतकातला भाष्यकार इब्न एझ्रा यानेही सहा पाकळ्यांचं पांढरं सुवासिक फूल मानलं आणि नावाचा संबंध हिब्रू 'शेश' म्हणजे सहा या आकड्याशी जोडला. व्युत्पत्ती म्हणून हे टिकत नाही, पण वर्णन लिलीला चपखल बसतं. उलट त्याच काव्यात प्रियकराचे ओठ शोशन्नांसारखे आहेत. पांढरे ओठ कोण वाखाणेल? इथूनच लाल फुलाचा पक्ष बळावला. १३व्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आलेल्या 'झोहर' या गूढवादी ग्रंथाच्या सुरुवातीलाच तांबडी-पांढरी, तेरा पाकळ्यांची आणि भोवती पाच पानं असलेली शोशन्ना येते. ही पाच पानं म्हणजे गुलाबाची निदलं (फुलाखालची हिरवी पानं), यात मला तरी शंका वाटत नाही.

गुलाबाला हिब्रूत खरं तर वेगळा शब्द आहे, 'वेरेद'. तो बायबलात नाही, नंतरच्या मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या संग्रहात, आहे. तिथे जेरुसलेममधल्या एका गुलाबबागेचा उल्लेखही येतो. हा शब्द मूळचा इराणी, आणि गंमत म्हणजे फारसी 'गुल'ही त्याच मुळातून निघालेला. म्हणजे आपला गुलाब वेरेदचा भाऊबंद ठरतो, शोशन्नाचा नव्हे. आजच्या इस्रायलमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ गुलाबाला वेरेद आणि लिलीला 'शोशान' म्हणतात. पण बोलताना शोशाना म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे गुलाबच येतो.

मराठी बायबलाच्या भाषांतरकारांना मी इथे दाद देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात ग्रीक 'क्रिनोन'साठी त्यांनी 'रानातील भुकमळे' असा शब्द योजला. त्यांच्या डोक्यात इजिप्त असेल असं नाही, पण जमिनीवर आलेल्या कमळाला याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

एक घोटाळा टाळावा. बायबलातल्या एस्तेर राणीच्या कथेतलं शूशन, म्हणजे इराणमधलं सूसा शहर, या फुलावरून आलेलं नाही. ते एलामी, म्हणजे तिथल्या प्राचीन भाषेतलं, जुनं गावनाव आहे. हिब्रूत उच्चार जुळला एवढंच.