भातावरील करपा: डबा बदलला, औषधाचा गट तोच

इगतपुरी भागातील काही शेतकऱ्यांनी विचारले आहे की, इंद्रायणी भातावर किटाझीन, म्हणजे इप्रोबेनफॉस, फवारूनही करप्याचे ठिपके दिसतात म्हणून विक्रेत्याने ‘जोरदार’ औषध म्हणून आयसोप्रोथिओलेन दुप्पट मात्रेत दिले आहे. ते फवारावे काय?

दुप्पट मात्रेत मुळीच फवारू नये. करप्याची बुरशी फॉस्फॅटिडिल इथेनॉलअमाइनला एकामागून एक तीन मेथिल गट जोडून फॉस्फॅटिडिल कोलीन बनवते आणि या फॉस्फोलिपिडावर (फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थावर) तिचे पेशीपटल उभे राहते; ही जोडणीच वरील दोन्ही औषधे अडवतात. त्यामुळे एकाला सरावलेली बुरशी दुसऱ्यालाही दाद न देण्याची शक्यता असते. विक्रेता ज्याला बदल म्हणतो, तो केवळ डब्याचा बदल आहे.

शिवाय जुने राखाडी ठिपके कोणत्याही औषधाने हिरवे होत नाहीत. नवीन पानांवर मध्ये राखाडी व कडेने तपकिरी असे डोळ्याच्या आकाराचे ठिपके येत नसतील, तर पहिली फवारणी लागू पडली आहे आणि दुसरीची गरज नाही. येत असतील, तर गट बदलून ट्रायसायक्लॅझोल ७५ टक्के, १० लिटर पाण्यात ६ ग्रॅम घ्यावे. हे औषध बुरशीला पानात शिरू देत नाही, मात्र आत शिरलेल्या बुरशीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही; म्हणून ढगाळ हवा, रिमझिम आणि थंड रात्री सुरू होताच, तसेच लोंबीच्या मानेवरील करप्यासाठी लोंब्या बाहेर पडू लागताच फवारणी व्हावी. लोंबी पांढरी पडल्यावर दुकानात धाव घेणे व्यर्थ आहे. आयसोप्रोथिओलेन ४० टक्के वापरायचेच असेल, तर १० लिटरला १५ मिलीच, त्याहून थेंबभरही अधिक नको. पानांच्या कडा टोकाकडून वाळत असतील, तर तो जिवाणूजन्य कडा करपा असतो. त्यावर यांपैकी काहीच चालत नाही.

औषधासोबत ‘टॉनिक’ आणि युरिया माथी मारला जातो, तो घेऊ नये. रोग दिसत असताना दिलेला युरिया करप्यालाच पोसतो. पुढील हंगामात रोपवाटिकेत तुसाची राख मिसळावी, कारण तिच्यातील सिलिका पान कणखर करते. आणि भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीने १५-२५ सेंटिमीटर जोडओळींत (एक अंतर १५, पुढचे २५) लावणी करून दर चार चुडांमध्ये (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुड्यांमध्ये) युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. नत्र हळूहळू मिळते आणि भात एकदम माजत नाही.

फवारणी पंपाच्या अनुदानासाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा. कागदपत्रांची माहिती सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) मिळेल.