कराटेची ओळ अर्जात कुठे आणि कशी

प्रिय मित्रा,

तुझा नोकरीचा अर्ज दोनदा वाचला. आवडीनिवडींच्या रांगेत, संगीत आणि प्रवास यांच्या मधोमध, ‘कराटे, ब्लॅक बेल्ट’ एवढंच आहे. आणि वर तू विचारतोस, हे काढून टाकू का, लोक भांडखोर समजतील. काढू नकोस. पण असं ठेवूही नकोस.

अर्ज वाचणाऱ्याला बेल्टची भाषा येत नाही, हे आधी लक्षात घे. त्याला ब्लॅक बेल्ट म्हणजे शेवट वाटतो. तुला ठाऊक आहे की शोदान, म्हणजे ब्लॅक बेल्टचा पहिला डान, ही पहिलीच पायरी. डानची, म्हणजे ब्लॅक बेल्टमधल्या पायऱ्यांची, पद्धत ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1883 मध्ये ज्यूदोत सुरू केली, कराटेत ती नंतर आली. क्यू, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्या, तर उलटे मोजतात: तिसरा क्यू आठव्याच्या वरचा, पण बाहेरचा माणूस नेमकं उलट समजतो. ब्राझिलियन जिउजित्सूत ब्लॅक बेल्टला बहुधा दहाएक वर्षं जातात, काही कराटे क्लासमध्ये तीन-चार वर्षांत तो मिळतो. म्हणून रंग नको, काम लिही.

तू लहान मुलांचे वर्ग घेत होतास ना? मग ते ‘आवडी’त काय करतंय? ‘अनुभव’ या शीर्षकाखाली घे: ‘सहायक प्रशिक्षक, कराटे, जून 2021 ते मार्च 2024, आठवड्याला 3 वर्ग, 8 ते 12 वयाची 20 मुलं, ग्रेडिंगच्या (बेल्टच्या परीक्षेच्या) तयारीचं काम आणि पालकांशी बोलणं माझ्याकडे.’ हे आकडे नमुन्याचे आहेत, तू तुझे खरे टाक. मानधन मिळत नसेल तर ‘स्वयंसेवक’ लिही. ते काम कमी होत नाही.

फक्त सराव केला असेल, तर शेवटी एकच ओळ: प्रकार, ग्रेड, प्रमाणपत्र देणारी संघटना, वर्ष. सराव सुटला असेल तर ‘2014 ते 2020’ असं स्पष्ट लिही. वर्तमानकाळ वापरलास की मुलाखतीत पुढचाच प्रश्न ‘हल्ली कुठे करता?’ असतो. पदक लिहायचं तर गट आणि खेळाडूंची संख्याही लिही. तिघांतलं कांस्य आणि चाळिसांतलं कांस्य सारखं नसतं.

‘शिस्त, चिकाटी, नेतृत्व’ हे तीन शब्द मात्र आजच खोड. प्रत्येकाच्या अर्जात ते असतात, म्हणून कुणीच वाचत नाही. ‘स्वसंरक्षण तज्ज्ञ’ही खोड. आणि पोशाखातला फोटो, लाथ हवेत असलेला, कृपा करून लावू नकोस.

सुरक्षा, क्रीडा किंवा मुलांसोबतच्या कामासाठी अर्ज असेल तर ही माहिती वर आण, सोबत प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र त्याच्या मुदतीसह. हिशेबाच्या किंवा सॉफ्टवेअरच्या कामाला खालची एक ओळ पुरते.

तुला वाटेल, मी तुझ्या इतक्या वर्षांच्या घामाचं कोरडं टिपण करतोय. उलट आहे. घामाची किंमत मला कळते, म्हणूनच ती एका रंगाच्या नावाखाली झाकली गेलेली बघवत नाही. रंग नको, काम लिही. या बाबतीत मी हट्टी आहे आणि हा हट्ट मला उशिरा सुचला, याची खंत आहे.

मुलाखतीत विचारलं तर अर्ध्या मिनिटात सांग: नवीन मुलाला पहिला काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, कसा शिकवतोस, न जमल्यास काय बदलतोस. कुणाला कसं पाडलंस ते नको. प्रमाणपत्र समोर ठेवून नाव, वर्ष जुळवून घे आणि नवा मसुदा रविवारच्या आत पाठव.