ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम फोनवर अनेकदा ऐकला आहे. तो विनाइलवर, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीवर, पुन्हा ऐकण्याजोगा आहे का?

अवश्य आहे; मात्र विनाइल म्हणजे आपोआप उत्तम ध्वनी, असे गृहीत धरू नये. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेल्या या अल्बमचे बहुतांश ध्वनिमुद्रण एकाच दिवसात उरकले होते, आणि चार वादक-गायक एकत्र वाजवत असल्याचा तो जिवंतपणा तबकडीवर सलग एक बाजू ऐकताना विशेष जाणवतो. सुरुवातीचा पाऊस, दुरून येणारा घंटानाद आणि त्यावर अचानक कोसळणारी टोनी आयोमीची गिटार हा क्रम गाणी उलटसुलट लावून ऐकणाऱ्याच्या हाती पूर्णपणे लागत नाही. गीझर बटलरचा बास तर लक्ष देऊन ऐकावा. माझ्या मते या संगीताचा खरा कणा तोच आहे.

एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे या एकाच गतीने फिरते, परंतु मध्याकडे जाताना प्रत्येक फेऱ्यात सुईखालून सरकणारी खाच आखूड होत जाते. त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या अखेरीस असलेल्या ‘वॉर्निंग’ या गाण्यातील लांबलचक गिटारवादनात, सुई झिजलेली किंवा नीट बसवलेली नसल्यास, आवाज फाटतो. म्हणून दुर्मीळ पहिल्या आवृत्तीवर मोठी रक्कम खर्च करण्याऐवजी काळजीपूर्वक काढलेली नवी आवृत्ती घ्यावी आणि उरलेले पैसे चांगल्या सुईवर खर्चावेत.