आई तेच तेच विचारते आणि मलाही हल्ली नावं आठवत नाहीत, दोघींना डिमेन्शिया असेल का?

आमच्याकडे सेम, मी ५२, आई ७९. मी फ्रीज उघडून नुसती उभी राहते पण पाच मिनिटांनी आठवतं काय हवं होतं ते, आईला मात्र जन्मभर केलेल्या पुरणात गूळ कधी घालायचा तेच सुचेना, हा फरक मोठा आहे, तुमच्या आईला न्यूरोलॉजिस्टकडे (मेंदूच्या डॉक्टरांकडे) न्याच. आधी दोघींचं व्हिटॅमिन बी१२ आणि थायरॉइड तपासा, शाकाहारी घरात बी१२ बऱ्याचदा कमी निघतं (माझंच निघालं, आईचं नॉर्मल!) आणि ते भरून काढता येतं. झोपेच्या, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीपण विसरायला होतं, त्यामुळे सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवा. कानही बघा, आम्हाला वाटायचं विसरली, अर्धं तिला ऐकूच गेलेलं नसायचं.